वखारीची उजवी बाजू

कार्ड आलं तेव्हा तो दाढी करत होता. बायकोने ते आरशाच्या कडेला टेकवून ठेवलं आणि म्हणाली, “तुमच्या बाईंचं आलंय. फोटो बघा, ओळखूच येत नाहीत.” तुमच्या बाई. सव्वीस वर्षं या घरात हे दोन शब्द असेच उच्चारले जात होते, कधी कौतुकाने, कधी भाजी तिसऱ्यांदा गरम करताना. बाईंना जाऊन तीन आठवडे झाले होते. कार्डावर शोकसभा असं नव्हतं, ‘कृतज्ञता मेळावा’ असं होतं. जुना बाजार संरक्षण मंडळाच्या चिटणिसांना असे शब्द झोपेतही सुचतात. खाली तारीख, वेळ, वखारीसमोरचं पटांगण, स्मृतिफलकाचं अनावरण, आणि बोलणाऱ्यांत तिसरं नाव त्याचं. वर फोटो. तीन वर्षांची मुलगी, केसांना भलीमोठी रिबीन, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी. त्याला हसू येणार होतं, कारण हाच राग पुढे महापालिकेच्या किती इंजिनियरांवर उतरला ते त्याने शेजारच्या टेबलावरून पाहिलं होतं. पण नजर रिबिनीच्या वर गेली. मुलीच्या मागे वखार होती. मधली मोठी कमान, कमानीच्या डावीकडे वरच्या मजल्यावर चार खिडक्या. उजवीकडे एक खिडकी. मग एक उंच काळं दार, दोन पुरुष उंचीवर, भिंतीत अधांतरी, खाली जिना नाही की पायरी नाही. दाराच्या डोक्यावर भिंतीतून बाहेर आलेली जाड तुळई, तिच्या टोकाला कप्पी, कप्पीतून खाली लोंबणारा दोर. मग पुन्हा एक खिडकी. त्याने परत मोजलं. चार, आणि मग एक, दार, एक. गालावरचा फेस वाळून कडक झाला तरी तो मोजतच होता, जणू पाचव्या-सहाव्या खेपेला फोटोला लाज वाटेल आणि तो उजवीकडे चार खिडक्या काढून दाखवेल.

“अहो, चहा निवला,” बायको म्हणाली. “एवढं काय आहे त्या फोटोत?”

“काही नाही.”

“मग उरलेली दाढी करा. अर्ध्या तोंडाने कुठे जाताय?”

त्याला बाईंवर पाच मिनिटं बोलायचं होतं. चहा पिताना त्याने पाठकोऱ्या कागदावर लिहिलं: बाई गेल्या आणि शहर पोरकं झालं. खोडलं. शहर पोरकं होत नाही. शहराला रोज सकाळी दूध येतं आणि कचऱ्याची गाडी येते. मग लिहिलं: बाईंनी मला रेषेचं इमान शिकवलं. ते लिहून तो कागदाकडे बघत बसला आणि मग तो कागद घडी करून, घडीची घडी करून, नखाएवढा होईपर्यंत दुमडत राहिला.

तो नगररचना खात्यात ड्राफ्ट्समन होता. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. चौथीपासून सातवीपर्यंतच्या मुलांना त्या नकाशे भरायला द्यायच्या नाहीत, जुन्या बाजारातलं एकेक घर द्यायच्या. दारं किती, खिडक्या किती, पायऱ्या किती, छपराचा रंग कोणता. मोजून आणा. अंदाजे आणलंत तर परत जा. अशा दोनशे वह्यांवरून जुन्या बाजाराची पहिली यादी झाली, आणि ती यादी पिशवीत घालून बाई त्याच्या कचेरीत आल्या. फाइल पुढे सरकेपर्यंत बाकावर बसून पेपर तपासायच्या. एका वर्षी अख्खी सहामाही त्या बाकावर तपासून झाली, आणि मोठे साहेब वैतागून म्हणाले, या बाईंना काय हवं ते द्या, नाहीतर वार्षिक परीक्षाही इथेच घेतील. हवं होतं ते हे, की वखार पाडून तिथे वाहनतळ होणार होता तो होऊ नये, आणि त्यासाठी वखारीचं मोजून काढलेलं चित्र. खात्यात रस्ता रुंद करायला नकाशे काढणारे ढीगभर होते. उभ्या भिंतीचं चित्र काढणारा एकटा तो. बाईंनी त्याचं नाव ठेवलं रेघोबा. “अरे रेघोबा, तुझ्या साहेबांना सांग, जुनं आहे म्हणून मी ते वाचवत नाहीये. होतं म्हणून वाचवतेय. जे होतं, ते.” पहिल्या भेटीत त्याला यातला फरक कळला नव्हता. पुढे कळला, आणि कळल्यावर कळला नसता तर बरं झालं असतं असंही अधूनमधून वाटायचं.

कारण तो दिवस. तो दिवस त्याने कुठे पुरून ठेवलेला नव्हता, तो नेहमी हाताशीच होता, रुमालासारखा खिशात. फक्त खिशात हात घालायचा नाही एवढं त्याने ठरवलं होतं. तीन दिवस परांचीवर चढून त्याने डावी बाजू मोजली. प्रत्येक खिडकीची चौकट, चौकटीवरची वेल, वेलीची पानं. एका खिडकीला सातच पानं होती, बाकीच्यांना नऊ, तर त्याने सात काढली, आणि बाई खुश झाल्या. चौथ्या दिवशी परांची उजवीकडे हलवायची होती. उजव्या बाजूवर कापडदुकानाच्या जाहिरातीचा प्रचंड पत्रा होता, छपरापासून खाली कमानीपर्यंत, कित्येक वर्षांचा, गंजलेला, त्यावर एका बाईचा अर्धा चेहरा आणि साबणासारखं हसू. परांचीवाला म्हणाला, साहेब, मला दुपारी चारला दुसरीकडे जायचंय, पत्र्यामागे काय सोनं पुरलंय का? ऊन होतं. भूक लागली होती. त्या दिवशी घरी कुणी आजारी नव्हतं, कुणाचं काही अडलेलं नव्हतं. नंतर त्याने किती वेळा स्वतःसाठी एखादं आजारपण शोधून पाहिलं, पण नव्हतं ते नव्हतं. तो शिडीने वर गेला, पत्रा आणि भिंत यांच्या फटीत त्याने खांद्यापर्यंत हात घातला. कबुतरांची वाळकी घाण, जळमटं, आणि मग भिंत. जिथे पहिल्या खिडकीची कड लागायला हवी तिथे कड लागली. त्याच्या पुढे, जिथे दुसरी खिडकी यायची, तिथे बोटांना गुळगुळीत गिलावा लागला, आणि त्याच्याही पुढे, बोटांच्या अगदी शेवटी, लाकूड. लाकडाची उभी धार. ती खिडकीची नव्हती, खिडकीपेक्षा फार खालून येत होती. बोटांना ते कळलं. त्याने हात बाहेर काढला, झटकला, आणि मनाला सांगितलं, मागाहून बुजवली असेल खिडकी. संध्याकाळी कचेरीत त्याने डाव्या बाजूचा ट्रेसिंग पेपर उचलला, उलटा केला, मधल्या कमानीच्या रेषेवर रेषा जुळवली, आणि गिरवायला लागला. तासाभरात उजवी बाजू तयार. सात पानांची खिडकीसुद्धा पलीकडे उलटी उमटली होती. तिला त्याने दोन पानं जास्तीची काढली. खोट्याला थोडं खरं दिसावं म्हणून. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, या दोन पानांचं.

आणि मग तीन महिन्यांनी आग. कापडदुकानाच्या गुदामातून लागली, पत्र्यामागून भडकली, उजवी बाजू जमिनीपर्यंत कोसळली. डावी उभी राहिली. बाई रात्रभर तिथे होत्या असं लोक सांगतात. त्याने सकाळी पाहिलं तेव्हा त्या राखेतल्या एका दगडावर बसून शाळेत रजेचा अर्ज लिहीत होत्या. “रडायचं काही कारण नाही,” त्या म्हणाल्या. “तुझं चित्र आहे ना? मग वखार आहे.” पाच वर्षं लागली. वर्गण्या, कोर्ट, परत कोर्ट. त्या चित्रावरून उजवी बाजू उभी राहिली, बोटाबोटाने त्याच्या चित्राबरहुकूम, चार खिडक्या, वेली, नऊ पानं. त्या पाच वर्षांत सांगायला हजार सकाळी होत्या. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर वखार गेली असती. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर कोर्ट हरलो असतो. शेवटच्या वर्षी सांगितलं असतं तर भिंत निम्मी वर आली होती. अशी प्रत्येक सकाळ आपलं कारण बरोबर घेऊनच उगवत गेली. आणि भिंत पुरी झाल्यावर बाई दर रविवारी माणसं घेऊन समोरच्या फुटपाथवर उभ्या राहायच्या, दोन्ही हात वर करायच्या आणि म्हणायच्या, “बघा. ज्याने हे बांधलं त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण त्याचे दोन्ही हात सारखे चालायचे. डावीकडे जे, तेच उजवीकडे. पोती साठवायच्या वखारीला एवढी तोलाची दृष्टी! आपल्या शहराने गुदामंसुद्धा दागिन्यासारखी घडवली.” तो कधी कधी त्या घोळक्यात मागे उभा असायचा. त्यांचा सगळ्यांत आवडता हात त्याचा होता. उलटा केलेला कागद.

दुपारी चिटणिसांचा फोन आला. “काका, कार्ड पोचलं ना? फोटो कसा वाटतो? बाईंच्या ताईंनी दिला, कुठल्या तरी ट्रंकेत होता. आता ऐका, फलक पितळेचा. वर बाईंचं नाव, मग त्यांचं वाक्य, ‘जे होतं, ते’, आणि खाली तुमचं अख्खं चित्र कोरायचं. मोजणी आणि रेखाटन म्हणून तुमचं नाव. नको म्हणायचं नाही! उद्या संध्याकाळपर्यंत मूळ चित्र कोरणाऱ्याकडे पोचवा.”

“फोटोत,” तो म्हणाला, “मागे वखार आहे.”

“हो ना! किती समर्पक!”

“उजवी बाजू बघितलीत?”

मग चिटणिसांचा आवाज आला, पण कार्ड लिहिणारा आवाज तो नव्हता. “काका, मी बघितली. कार्ड छापून आल्यावर बघितली. तुम्ही सोडून अजून कुणी बघितलेली नाही. शेजारच्या भूखंडाचा मालक गेली चार वर्षं एकच गोष्ट शोधतोय, वखार यादीतून कशी निघेल. त्याला हे आयतं ताटात वाढून द्यायचंय का? बरी झालेली जखम, खपली कशाला काढता? पाच मिनिटं छान बोला. संपलं.”

तो चालत बाजारात गेला. वखारीसमोर फुटपाथवर उभा राहिला, बाई उभ्या राहायच्या तिथे, आणि उजव्या बाजूकडे बघितलं. एकवीस वर्षांत त्या खिडक्या मळल्या होत्या, वेलींच्या पानांत धूळ बसली होती, एका ठिकाणी पिंपळाचं रोप रुजलं होतं. त्याच्या खोट्याला पिंपळ फुटला होता. दुसऱ्या खिडकीमागे दातांचा दवाखाना होता. खुर्चीत कुणीतरी तोंड वासून पडलं होतं आणि खिडकीतून बाहेरचं आभाळ बघत होतं. तिसरीमागे शिकवणीचे वर्ग. चौथीत एक बाई फोनवर बोलत बोलत कुंडीला पाणी घालत होती. या खिडक्यांतून उजेड आत जात होता, खरा उजेड, त्याला कुणी विचारत नव्हतं तू कुठल्या चित्रातून आलास. मग काय बिघडलं, असं तो मनाशी म्हणाला, आणि तसं म्हणताना उजव्या हाताची बोटं आपोआप मिटली, जणू अजून त्यांच्या टोकाशी ती लाकडाची उभी धार होती. दोरावरून पोती चढत असतील. कुणीतरी त्या दारातून वाकून ती आत ओढत असेल. एक भिंत कारकुनांसाठी आणि एक भिंत ओझ्यासाठी. तोल नव्हताच तिथे, काम होतं. आणि बाई दर रविवारी हात वर करून तोल दाखवत होत्या. सांगितलं तर काय होईल, तर बाई भोळ्या ठरतील. आयुष्यभर पोरांना ‘अंदाजे आणलंत तर परत जा’ म्हणणारी बाई, तिला एका ड्राफ्ट्समनने अंदाजाची अर्धी इमारत विकली आणि तिने ती एकवीस वर्षं लोकांना दाखवली. लोक हसतील. नाही सांगितलं तर त्यांच्याच वाक्याखाली, पितळेत, कायमचं, ते खोटं.

बाईंचे वडील त्या चार वर्षांच्या असताना गेले, आणि लग्न त्यांनी केलं नाही. सांगावं की नाही हे विचारायला उरलं होतं ते एकच माणूस. ताई, आठ वर्षांनी थोरल्या. लग्न होऊन दूर गेलेल्या, धाकटीच्या आजारपणात दोन वर्षांपूर्वी परत आलेल्या, गुडघेदुखीमुळे घराबाहेर न पडलेल्या. तो गेला तेव्हा त्या बाईंची पुस्तकं खोक्यात भरत होत्या, प्रत्येक पुस्तक आधी झटकून, न जाणो त्यातून काही पडेल म्हणून.

“ये रे,” त्या म्हणाल्या. “तूच ना तो रेघोबा? तुझ्याबद्दल इतकं ऐकलंय की तुझा मला कंटाळाच आहे. बस. ते खोकं नको, मोडकं आहे.”

तो बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पत्रा, हात, कागद उलटला ते. दोन पानांचं नाही सांगितलं. मग तेही सांगितलं. ताई पुस्तक झटकत राहिल्या. त्याने कार्ड पुढे केलं, फोटोतल्या उजव्या बाजूवर बोट ठेवलं, पण त्यांनी कार्ड हातात घेतलं नाही.

“मला त्या फोटोत तीच दिसते,” त्या म्हणाल्या. “बाकी काही बघायला सांगू नकोस. आता मला एक सांग. हे तू तिला का नाही सांगितलंस?”

“धीर झाला नाही.”

“आणि आता झाला.” पुस्तक खोक्यात पडलं. “आता झाला, कारण आता ती रागावू शकत नाही. तू मेळाव्यात चार माणसांत उभा राहणार, डोळ्यांत पाणी आणणार, लोक म्हणणार काय प्रामाणिक माणूस. ओझं तुझ्या डोक्यावरून उतरेल रे, पण ठेवणार कुठे? तिच्याच डोक्यावर. तिला ते उतरवून पण ठेवता येणार नाही. ती जिवंत असती तर उद्या सकाळी वहीपेन्सिल घेऊन गेली असती, चूक झाली म्हणून गावाला सांगितलं असतं, तुझ्याशी महिनाभर बोलली नसती. मेलेल्या माणसाला साधी चूकसुद्धा कबूल करता येत नाही.” त्या दमल्या. “माझी बहीण सोड. तिच्या वाट्याला पाच मिनिटं चांगली येताहेत, ती येऊ देत.”

तो उठला. दारात त्या म्हणाल्या, “रागावू नकोस. तुझ्याकडे चित्र आहे. माझ्याकडे ही खोकी आहेत.”

रागावला नव्हता. त्यांचं बरोबर होतं. घरी त्याने बायकोला सांगितलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ती भांडी पुसत होती. तिने पातेलं खाली ठेवलं, त्याच्याकडे बघितलं, म्हणाली, “म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही लवकर घरी आलात. मला आठवतंय. मी म्हटलं, आज काय सूर्य पश्चिमेला उगवला? आपण फिरायला गेलो होतो.” मग म्हणाली, “छान गेली होती ती संध्याकाळ.” आणि पुन्हा पातेलं पुसायला लागली, पुसलेलंच.

बाईंविषयी बोलायला उभं राहताना मला… खोडलं.

आज इथे जमलेल्या… खोडलं.

मी उजवी. एवढंच लिहून पेन थांबलं, आणि तेही त्याने खोडलं, पण जरा हलक्या हाताने.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चित्र घेऊन निघाला तेव्हा त्याचं ठरलं होतं. गप्प बसायचं. ताईंचं ऐकायचं, पाच मिनिटं छान बोलायचं, आणि ओझं होतं तिथेच राहू द्यायचं, आपल्या डोक्यावर, आपल्याबरोबर जाईपर्यंत. हे ठरल्यावर त्याला बरंसुद्धा वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं, पोकळ आणि स्वच्छ. कोरणाऱ्याचं दुकान एका बोळात होतं. भिंतीवर वकिलांच्या, डॉक्टरांच्या पाट्या, काही न्यायला न आलेल्या. कोरणारा त्याच्याच वयाचा, पण हात मजबूत, भुवयांत पितळेचा कीस. त्याने चित्र टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली, आणि बराच वेळ नुसतं बघितलं.

“हात चांगला आहे,” तो म्हणाला. “हल्ली असं कोण काढतं? पण साहेब, हे बारीक आहे हो, वेली, पानं. अनावरण परवा. एक करतो. डावीचा छाप घेतो, आणि कागद उलटा करून तोच उजवीकडे मारतो. दोन्ही बाजू सारख्याच आहेत ना? माझा एक दिवस वाचेल. कुणाला कळणारेय?”

त्याने छापाचा कागद डाव्या बाजूवर ठेवलाही होता. जाड अंगठ्याने तो कागद दाबला, एक कड उचलली, आणि ती कड हवेत उभी राहिली, पलीकडे पडायच्या बेतात.

“नको,” रेघोबा म्हणाला.

“अहो, हुबेहूब येईल.”

“उलटू नका. कागद उलटू नका.” त्याचा आवाज इतका चढला की बाहेरून जाणारा एक जण आत डोकावून गेला. कोरणाऱ्याने कड हळूच खाली ठेवली.

“मग उजवी वेगळी कोरू? होणार नाही परवापर्यंत.”

“उजवी कोरूच नका. डावी कोरा. मधली कमान कोरा. पुढे पितळ कोरं सोडा.”

कोरणाऱ्याने त्याच्याकडे बघितलं, मग चित्राकडे, मग परत त्याच्याकडे. “अर्धी इमारत? लोक म्हणतील, कारागीर मधेच मेला.”

“खाली माझं नाव आहे ना. त्याच्यापुढे लिहा. लिहून घ्या. ‘उजवी बाजू मी मोजली नव्हती.’”

“मी?”

“मी. दुसऱ्या कुणाचं नाव त्या ओळीत यायला नको.”

कोरणारा डोकं खाजवत राहिला. “चिटणिसांना विचारायला पाहिजे.”

“चिटणिसांनी चित्र माझ्याकडून मागितलंय. माझं चित्र एवढंच आहे.” आणि हे बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे खरं आहे. त्याने आयुष्यात एवढंच काढलं होतं. बाकीचं त्याने काढलंच नव्हतं, ते कागदाने काढलं होतं.

मेळाव्याला दीडएकशे माणसं होती. बाईंचे विद्यार्थी, त्यांतले काही टक्कल पडलेले, बाजारातले दुकानदार, दातांचे डॉक्टर. शेजारच्या भूखंडाचा मालकही दुसऱ्या रांगेत बसला होता, हार घेऊन. ताईंना खुर्चीत बसवून पहिल्या रांगेत आणलं होतं. त्या मान खाली घालून पर्सचा बंद उघडझाप करत होत्या. लहानपणानंतर त्या पहिल्यांदा या रस्त्यावर आल्या होत्या. पडदा बाजूला झाला. टाळ्या सुरू झाल्या, आणि मग जसजसे पुढच्यांना फलक दिसत गेला तसतशा रांगेरांगेने थांबल्या. चिटणिसांच्या मानेवरची शीर त्याला मागून दिसत होती. त्यांनी माईकवर हात ठेवला आणि दातांतून म्हणाले, “काका, हे काय करून ठेवलंत?”

त्याची पाळी तिसरी होती, पण त्याला थांबवेना. तो उभा राहिला आणि जागेवरूनच बोलला, माईकशिवाय, मागच्यांना ऐकू गेलं असेल की नाही कुणास ठाऊक. म्हणाला, बाईंनी मला मोजायला सांगितलं होतं. मी अर्धं मोजलं. त्यांनी पुरं मोजलंय असं समजून विश्वास ठेवला, आणि विश्वास ठेवणं ही चूक नसते. चूक माझी आहे, ती माझ्या नावापुढे लिहिली आहे. समोर उजवीकडे जे दिसतंय ते माझं आहे, वखारीचं नाही. एवढं बोलून तो खाली बसला. कुणी टाळी वाजवली नाही. भूखंडाचा मालक फोन काढून फलकाचा फोटो घेत होता. कुणीतरी मागे म्हणालं, म्हणजे बाई आम्हाला खोटंच शिकवत होत्या का? त्याने ताईंकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. त्यांनी मागितलं होतं ते त्याने दिलं नव्हतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई उठल्या होत्या. डॉक्टर धरायला धावले, तर त्यांनी त्यांना कोपराने बाजूला केलं. एकेक पाऊल टाकत त्या फलकापाशी गेल्या, चष्मा कपाळावर चढवला, नाक लावून डावी बाजू बघितली, खिडकी खिडकी करत, आणि कमानीपाशी आल्या. तिथून पुढे कोऱ्या पितळेवर त्यांचा स्वतःचा चेहरा अंधुक उमटला होता. त्यांनी मान वर करून प्रत्यक्ष भिंतीकडे बघितलं, चार खिडक्यांकडे, परत पितळेकडे. मग कोऱ्या पितळेवर, कमानीपासून थोडं अंतर सोडून, बोट टेकवलं.

“इथे बाबा उभे राहायचे,” त्या म्हणाल्या.

कुणाला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं, कारण त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी त्याच्याकडे वळून, रागाने, “अरे, इथे दार होतं. बाबा या वखारीत पोती तोलायच्या कामाला होते. आम्ही डबा घेऊन यायचो, ही माझ्या कडेवर असायची, आणि बाबा वरून त्या दारात उभे राहून दोर ओढायचे. हिला वाटायचं ते आपल्यालाच वर ओढतायत, हात वर करायची. ते गेल्यावर आईने हा रस्ताच सोडला. हिला काही आठवत नव्हतं, आणि मी कधी…” त्या थांबल्या. “ती मला पत्रांतून या इमारतीविषयी शिकवायची. मी म्हणायचे, असेल बाई, तुला जास्त माहीत.”

तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता. कधी उठला ते त्याला आठवत नव्हतं. “दार किती रुंद होतं, ताई?”

“मला काय ठाऊक रे? बारा वर्षांची सुद्धा नव्हते.”

“ते उभे राहायचे म्हणालात. कसे?”

“असे.” त्यांनी दोन्ही हात पसरले, पर्स एका कोपरात लोंबत राहिली. “दोन्ही हात चौकटीला टेकवून, पुढे वाकून. असे बघायचे खाली.” मग त्यांनी आपल्याच हातांकडे बघितलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. “पण एवढं नाही. बाबांचे हात लांब होते.” त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि जवळ उभ्या असलेल्या चिटणिसांचा दंड पकडला. “तुम्ही या. तुम्ही उंच आहात. पसरा हात.”

“ताई, कार्यक्रम—”

“पसरा म्हणते ना.”

चिटणिसांनी दीडशे माणसांसमोर, वखारीकडे पाठ करून, हात पसरले. तो खिशातून पेन्सिल काढून पुढे झाला. ताई दोन पावलं मागे सरल्या, डोळे बारीक करून बघू लागल्या, आणि मान हलवली.

“अजून,” त्या म्हणाल्या. “अजून थोडे.”